परगावची मुले

गावाच्या इतिहासात ते वसविणाऱ्याचे नाव राहते. गावात येऊन राबून निघून गेलेल्यांची नावे सहसा राहत नाहीत. दिल्लीच्या पूर्वेस, हिंडन नदीच्या काठी असलेल्या गाझियाबाद नगराची हकीगतही अशीच आहे. निजाम-उल-मुल्क आसफजाहाचा ज्येष्ठ पुत्र गाजीउद्दीन याने १७४० मध्ये हे गाव वसविले आणि त्याला गाजीउद्दीननगर असे आपलेच नाव दिले. येथे त्याने १२० खोल्यांची एक प्रशस्त सराई बांधली. दिल्लीहून दुआबात जाणाऱ्या वाटसरूला उतरण्याची सोय व्हावी, हा या गावाच्या जन्माचा एक हेतूच होता म्हणावयास हरकत नाही. पुढे १७५२ मध्ये बापाच्या गादीवर हक्क सांगण्यासाठी हाच गाजीउद्दीन मराठ्यांच्या पाठबळावर दक्षिणेत उतरला आणि औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, विषप्रयोगाने मरण पावला. परमुलखात तो मेला, तरी त्याचे नाव मात्र उत्तरेतील या गावाला चिकटून राहिले. १८६४ मध्ये रेल्वे आली तेव्हा ते लांबलचक नाव आखूड होऊन गाझियाबाद झाले, आणि १८७० मध्ये पंजाबकडचा लोहमार्ग येथे येऊन मिळाल्यावर हे गाव मोठे जंक्शन बनले. सराईची जागा फलाटाने घेतली. वाटसरूंची रीघ मात्र खंडली नाही.

वाटसरू एकटा असतो तोवर त्याला एक खोली आणि एक शिधा पुरतो. परंतु पोटासाठी घर सोडणारा माणूस पुष्कळदा बायकामुलांना घेऊन निघतो. मोठा माणूस कामाला लागतो, म्हणून त्याची कोठे ना कोठे नोंद होते. निदान मुकादमाच्या वहीत तरी होते. मुलाची नोंद कोण करतो? त्याला शाळा कोणत्या गावची, दूध आणि धान्य कोणत्या दुकानातून, औषध कोणत्या दवाखान्यातून? त्या मुलाचे दारिद्र्य बापाच्या मजुरीइतकेच या प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून असते. आणि ही उत्तरे दैव देत नाही. ती राज्य देते. म्हणूनच येणाऱ्याजाणाऱ्यांविषयी राज्यांनी केलेल्या कायद्यांचा इतिहास हा एका अर्थाने बालपणाचाच इतिहास आहे.

या कायद्यांची एक जुनी वंशावळ इंग्लंडात सापडते. १६६२ च्या वसाहत कायद्याने तेथील गरिबाला त्याच्या मूळच्या परगण्याशी बांधून टाकले. नव्या गावात आलेला माणूस पुढेमागे धर्मादायाचा भार होईल अशी नुसती शंका आली, तरी ४० दिवसांच्या आत त्याला परत धाडता येत असे. औरस मुलाचे गाव म्हणजे त्याच्या बापाचे गाव. मग ते मूल दुसरीकडे जन्मलेले का असेना. बाप मेला तर विधवा आणि मुले यांना त्यांनी कधी न पाहिलेल्या गावी नेऊन सोडण्यात येई. १७७६ मध्ये ॲडम स्मिथने आपल्या ग्रंथात या कायद्यावर कठोर टीका केली. १७९५ मध्ये त्याची धार बोथट करण्यात आली आणि प्रत्यक्ष मदत मागितल्याखेरीज कोणास हाकलता येऊ नये असे ठरले. परंतु मदत मूळ गावीच मिळेल, अन्यत्र नाही, ही कल्पना कायद्याहून चिवट ठरली. ती अनेक देशांत, अनेक रूपांत आजही जिवंत आहे.

स्वतंत्र भारताला हा प्रश्न जन्मतःच भेटला. १९४७ च्या फाळणीनंतर पश्चिम पाकिस्तानातून लक्षावधी कुटुंबे दिल्लीच्या दिशेने आली. १९४१ मध्ये दिल्ली प्रांताची लोकसंख्या सुमारे ९ लाख १८ हजार होती. १९५१ मध्ये ती १७ लाख ४४ हजार झाली, आणि तीत सुमारे ४ लाख ९५ हजार निर्वासित होते. म्हणजे दर १०० माणसांत २८ माणसे घर गमावून आलेली होती. त्या लोंढ्याचा एक प्रवाह यमुना ओलांडून गाझियाबादेत पोहोचला. हे गाव तेव्हा मेरठ जिल्ह्यातील एक तहसील होते. पश्चिम पंजाबातून आलेल्या काही उद्योजकांनी येथे कारखाने काढले आणि गावाचे औद्योगिक रूप घडू लागले. त्याच जिल्ह्यात हस्तिनापूर येथे निर्वासितांसाठी नव्या नगराची कोनशिला ६ फेब्रुवारी १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते बसली. इकडे महाराष्ट्रात कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी कुटुंबे उतरली होती. त्याच वर्षी त्या छावणीचे उल्हासनगर झाले.

या निर्वासितांचे हाल थोडे झाले नाहीत. तथापि त्यांच्या बाबतीत राज्याने एक गोष्ट केली, आणि ती निर्णायक ठरली: त्यांची नोंद केली. ६ सप्टेंबर १९४७ रोजी केंद्रात पुनर्वसनाचे स्वतंत्र खाते निघाले. निर्वासित कुटुंबाला नोंदणीचा दाखला मिळाला. त्या दाखल्यावर छावणीत शिधा मिळाला, मुलांना शाळा मिळाली, विद्यार्थ्यांना अर्थसाहाय्य मिळाले आणि १९५४ च्या कायद्याने गमावलेल्या मालमत्तेची भरपाईही मिळू लागली. ‘तुम्ही मूळचे कोठले?’ हा प्रश्न मदत नाकारण्यासाठी नव्हे, तर मदत देण्यासाठी विचारण्यात आला. ज्यांची मुले छावणीच्या तंबूत बाराखडी शिकली, त्यांपैकी अनेक घराणी एका पिढीत पुन्हा उभी राहिली, यात त्यांच्या जिद्दीचा वाटा मोठा होता. परंतु त्या जिद्दीला टेकू देणारा एक कागदही होता.

त्याच काळात कागदाची दुसरी बाजूही दिसली. जुलै १९४८ मध्ये पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परवानापद्धती सुरू झाली. १९ जुलै १९४८ ही तारीख पुढे राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदात कोरली गेली: त्या दिवसापूर्वी येऊन येथे राहिलेला सामान्यतः आपोआप नागरिक, त्यानंतर आलेल्याने नोंदणी करून घ्यावयाची. दंगलीच्या भयाने पलीकडे गेलेली आणि भीती ओसरताच परतू पाहणारी कितीएक मुसलमान कुटुंबे या परवान्यापाशी अडली. १९५२ मध्ये पासपोर्टाची पद्धत आली. वडील एका देशात, मुले दुसऱ्या देशात, अशी घरे दिल्ली-मेरठ भागात कमी नव्हती. एकाच काळातील दोन कागद. एकाने मुलाला शाळेपर्यंत नेले, दुसऱ्याने त्याला बापापासून तोडले. आणि या दोहोंपैकी कोणत्याही मुलाने स्वतः काही केलेले नव्हते.

राज्यघटनेने देशाच्या आत मात्र सारे दरवाजे उघडे ठेवले. एकोणिसाव्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला देशभर फिरण्याचे आणि कोठेही वसण्याचे स्वातंत्र्य दिले. चीनने १९५८ मध्ये कुटुंबनोंदणीची कडक पद्धत आणून खेड्यातील माणसाला शहराच्या सवलतींपासून दूर ठेवले. भारतात तसा कायदा कधी झाला नाही. बिहारचा, बुंदेलखंडाचा किंवा छत्तीसगडचा मजूर गाझियाबादेत उतरला तर त्याला कोणी परवाना विचारीत नाही. परंतु माणसाला जे स्वातंत्र्य मिळाले, ते त्याच्या हक्कांना मिळाले नाही. माणूस चालू लागला. त्याचे रेशनकार्ड गावीच राहिले, मुलाचे नाव गावच्या शाळेच्या हजेरीपटावर राहिले, बाळाचे वजन गावच्या अंगणवाडीच्या नोंदवहीत राहिले. इंग्लंडातील जुन्या कायद्याने गरिबाला पकडून परत नेले. आपल्याकडे त्याला कोणी नेले नाही, त्याच्या वाट्याचे धान्य तेवढे मागे ठेवून घेतले.

गाझियाबाद १४ नोव्हेंबर १९७६ रोजी मेरठपासून वेगळे होऊन स्वतंत्र जिल्हा झाले. हा दिवस पंडित नेहरूंचा जन्मदिवस, म्हणजे देशाचा बालदिन. योगायोग असा की, त्याच सुमारास मुलांच्या भवितव्याशी निगडित अशी दोन पावले देशाने उचलली होती. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तीतून अंगणवाड्यांचे जाळे विणले जाऊ लागले. १९७६ मध्ये वेठबिगारी नष्ट करणारा कायदा झाला. नव्या जिल्ह्यात या दोन्ही गोष्टींची परीक्षा होणार होती, कारण दिल्ली वाढत होती आणि वाढणाऱ्या दिल्लीला विटा हव्या होत्या.

लोणी, मुरादनगर, मोदीनगर या परिसरातील वीटभट्ट्यांवर पावसाळा सरला की कुटुंबे येतात आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर परततात. तेथे कच्ची वीट थापणाऱ्याला पथेरा म्हणतात, आगाऊ रकमेला पेशगी म्हणतात आणि मजूर आणणाऱ्याला जमादार म्हणतात. मराठी श्रोत्याला हे शब्द परके वाटले, तरी व्यवहार परका वाटणार नाही. आपल्याकडे पेशगीला उचल म्हणतात आणि जमादाराला मुकादम. मजुरी हजार विटांच्या हिशेबाने मिळते आणि ती कुटुंबप्रमुखाच्या नावे मांडली जाते. माती मळणारी बायको त्या हिशेबात नसते. सुकण्यासाठी ओळीने मांडलेल्या विटा उलटवीत जाणारे आठ-दहा वर्षांचे मूलही नसते. वास्तविक या कामात मुलाच्या हलक्या वजनाचाही उपयोग करून घेतला जातो, कारण ओल्या विटेवर मोठ्याचा पाय पडला तर ती मोडते. अशा रीतीने ज्या मुलाची मजुरीत गणना नाही आणि शाळेत हजेरी नाही, ते मूल दोन्ही वह्यांच्या मधल्या फटीत नाहीसे होते. पेशगी फिटली नाही तर पुढच्या हंगामी त्याच भट्टीवर यावे लागते, आणि असे दोनचार हंगाम गेले की मुलाचे शाळेचे वय सरलेले असते.

या मजुरांसाठी १९७९ मध्ये संसदेने आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा केला. त्यामागे ओरिसातील ‘दादन’ मजुरांचा अनुभव होता. त्या राज्याने १९७५ मध्येच त्यांच्यासाठी कायदा केला होता. केंद्राचा कायदा चांगल्या हेतूचा होता. कंत्राटदाराने परवाना घ्यावा, मजुराला पासबुक द्यावे, येण्याजाण्याचे भाडे द्यावे, घर सोडल्याबद्दल मजुरीच्या निम्म्याइतका विस्थापन भत्ता द्यावा, राहण्याची आणि औषधपाण्याची सोय करावी, अशी कलमे त्यात होती. परंतु हा कायदा मजुराला कंत्राटदाराच्या मार्फत ओळखत होता. जो आपल्या पायांनी, नातेवाइकाच्या सांगण्यावरून आला, तो कायद्याच्या बाहेर राहिला; आणि जो कंत्राटदाराने आणला, त्याची नोंद करण्यात कंत्राटदाराचाच तोटा होता. शिवाय कायद्याच्या दृष्टीसमोर मजूर होता, कुटुंब नव्हते. मजुराबरोबर आलेल्या मुलाने कोणत्या शाळेत जावे, याविषयी त्यात तरतूद नव्हती. हा कायदा पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. स्वतःहून आलेल्या मजुराला तिने व्याख्येत घेतले, ही मोठी सुधारणा होय. परंतु पूर्वी पाच मजुरांना लागू होणारा कायदा आता दहा मजुरांपासून लागू होतो आणि विस्थापन भत्ता त्यात उरलेला नाही.

मुलांचा विचार कायद्याने केला तो शिक्षणाच्या वाटेने. २००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती झाली, २००९ मध्ये शिक्षणहक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणे स्थानिक संस्थेचे कर्तव्य आहे, असे त्यात स्पष्ट शब्दांत म्हटले आहे. वयाचा दाखला नाही किंवा जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, म्हणून कोणाला परत पाठविता येत नाही. कलम उत्तम आहे. परंतु भट्टी गावापासून दोन-तीन मैल दूर शेतात असते, मूल वर्षाच्या मध्यावर येते, त्याची बोली वेगळी असते आणि परीक्षेच्या सुमारास किंवा तिच्या आगेमागे ते पुन्हा निघून जाते. शाळेचे दार उघडे असले, तरी शाळेचे पंचांग स्थिर मुलासाठी आखलेले असते. युनेस्कोच्या २०१९ च्या शिक्षणविषयक जागतिक अहवालाने दिलेला आकडा बोलका आहे: हंगामी स्थलांतर करणारा माणूस ज्या घरात आहे, अशा भारतातील ग्रामीण घरांत २०१३ मध्ये ६ ते १४ वर्षांची १ कोटी ७ लाख मुले होती.

जे मजूर देशाबाहेरून आले, त्यांच्या मुलांची कथा याहून अवघड आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार भारतात जन्मलेले जवळजवळ प्रत्येक मूल भारतीय होते. १ जुलै १९८७ पासून आईवडिलांपैकी एक भारतीय असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून त्यात आणखी भर पडली: दुसरा पालक बेकायदा स्थलांतरित असता कामा नये. सरहद्द सांभाळणे हा राज्याचा अधिकार आहे, त्याविषयी वाद नाही. परंतु येथेच जन्मून येथेच वाढलेल्या मुलाच्या पोषणाचा आणि अक्षरओळखीचा प्रश्न त्याच्या आईबापांच्या कागदाशी किती बांधावा, हा विवेकाचा प्रश्न जगातील सर्वच राज्यांपुढे आहे. अमेरिकेत १९८२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने टेक्सास राज्याला बजावले की, परवान्याविना आलेल्यांच्या मुलांनाही सरकारी शाळेची दारे बंद करता येणार नाहीत. त्याच अमेरिकेने १९९६ मध्ये परवाना घेऊन आलेल्या बहुसंख्य परदेशीयांचे अन्नसाहाय्य बंद केले. आणि २००२ मध्ये कायदा बदलून त्यांच्या मुलांना ते पुन्हा सुरू करावे लागले. मोठ्यांना अडविण्यासाठी घातलेले कुंपण मुलांच्याच पानावर पडते, हे त्या अनुभवाचे सार आहे.

आपल्याकडील व्यवस्थेतील फट साऱ्या देशाने पाहिली ती २०२० मध्ये. २४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. चार दिवसांत दिल्लीच्या आनंदविहार स्थानकापाशी आणि लगतच्या गाझियाबादमधील कौशांबी येथे हजारो माणसे गोळा झाली. डोक्यावर गाठोडे आणि कडेवर मूल घेतलेली ती माणसे गावी जाण्यासाठी बस शोधीत होती. १८ मे रोजी गाझियाबादच्या रामलीला मैदानावर श्रमिक गाड्यांच्या नोंदणीसाठी पुन्हा तशीच गर्दी उसळली. ज्यांची कधी कोणी नोंद केली नव्हती, ते आता स्वतः नोंदीसाठी रांगेत उभे होते. त्याच महिन्यात, ८ मे रोजी, जालन्याहून पायी निघालेले १६ मजूर औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपले असता मालगाडीखाली सापडले. महामारीने ही कुटुंबे गरीब केली नव्हती. ती जेथे राबत होती, तेथे त्यांच्या मुलांसाठी मूठभर धान्याचाही हक्क नव्हता, एवढेच तिने उघडे केले.

त्यानंतर बदल झाला, हे नमूद केले पाहिजे. २०१९ मध्ये चार राज्यांत सुरू झालेली एक देश, एक रेशनकार्ड ही योजना जून २०२२ पर्यंत सर्व राज्यांत पोहोचली. २९ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सर्वत्र लागू करण्याचा आणि असंघटित कामगारांची नोंदणी पूर्ण करण्याचा आदेश दिला. बुंदेलखंडाचे कार्ड आता लोणीच्या दुकानात चालते आणि कुटुंबाच्या शिध्याचा काही भाग इकडे, काही भाग तिकडे घेता येतो. परंतु त्यासाठी मुळात कार्ड असावे लागते. ई-श्रम नोंदणीतील २८ कोटींहून अधिक कामगारांपैकी सुमारे ८ कोटींकडे रेशनकार्ड नसल्याचे न्यायालयासमोर आले. धान्याच्या याद्या २०११ च्या जनगणनेवर बेतलेल्या असल्याने त्यानंतर जन्मलेली मुले आणि वाढलेल्या वस्त्या यांना त्यांत पुरेशी जागा नव्हती. आणि लोणीसारखे गाव २००१ मध्ये सुमारे १ लाख २० हजारांचे होते, ते २०११ मध्येच ५ लाखांवर गेले होते.

येथे महाराष्ट्राच्या अनुभवाचे मोल कळते. स्थिर शाळेकडे न येणाऱ्या मुलाकडे शाळेनेच जावे, हा विचार ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात प्रत्यक्षात आणला. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. अंगणवाडीची कल्पनाही तेथेच रुजली. ठाणे जिल्ह्यातील वीटभट्ट्यांवर मजुरांच्या झोपडीला भोंगा म्हणतात. त्या भोंग्यांपाशी पुढे भोंगाशाळा भरल्या. ऊसतोडीच्या फडांजवळ साखरशाळा निघाल्या. मुलांना गावीच ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहे झाली आणि शाळा सोडून जाणाऱ्या मुलाच्या हाती शिक्षण हमी पत्रक देण्याची रीत आली. दिल्लीतही १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी बांधकामावरील मजुरांच्या मुलांसाठी फिरत्या पाळणाघरांचे काम सुरू केले. हे सारे प्रयोग पुरेसे होते असे नाही. अनेक साखरशाळा बंद पडल्या, आणि बीडकडून निघणाऱ्या बैलगाड्यांत व ट्रकांत आजही मुले बसलेली असतात. परंतु या प्रयोगांनी एक गोष्ट सिद्ध केली की, मूल फिरते आहे हा त्याचा दोष नव्हे. व्यवस्था एके जागी बसून आहे, हा तिचा दोष आहे.

या पावणेतीनशे वर्षांच्या हकीगतीत जो धागा दिसतो तो साधा आहे. १९४७ च्या निर्वासिताचे दुःख फिरत्या मजुराच्या दुःखापेक्षा लहान नव्हते. तरी त्याच्या मुलाला शाळा मिळाली, कारण राज्याने त्याला आलेल्या ठिकाणी मोजले. पथेऱ्याचे मूल नागरिक आहे, त्याला घटनेचे संरक्षण आहे, त्याच्यासाठी एकाहून एक चांगले कायदे आहेत. तरी ते दारिद्र्यात अडकते, कारण त्याला सोडून आलेल्या ठिकाणी मोजले जाते. कायद्यांचा तुटवडा हे या दारिद्र्याचे कारण नाही. भट्टी पेटताना मजुरांबरोबर मुलांचीही गणना व्हावी, ती यादी त्याच आठवड्यात जवळच्या शाळेकडे आणि अंगणवाडीकडे जावी, आणि हंगाम संपताच मुलाच्या गावी पोहोचावी, इतके साधे काम तालुक्याच्या पातळीवर नियमाने होऊ लागले, तरी पुष्कळ काही साधेल. जुन्या काळी सराईच्या खोलीत उतरणाऱ्याला त्याचे गाव विचारीत, ते त्याला हाकलण्यासाठी नव्हे. ज्या नगराचा आरंभ अशा सराईने झाला, त्या नगराच्या दफ्तरात परगावच्या मुलाचे नाव लिहिले जावे, ही अपेक्षा फार मोठी नाही.